मॉनिटर तुमचा, मॅच आबांची

देवगड तालुक्यातून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय चाळिशीच्या अलीकडचं. मुंबईतली अकाउंट्सची नोकरी सोडून त्या २०२० साली कुटुंबासह गावी परतल्या. आता घरूनच मुंबई-पुण्यातल्या लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न सांभाळतात. यजमानांची हापूसची कलमं आहेत, मुलगा नववीत आहे, घरात सासरे आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि घरातला ३२ इंची टीव्ही गेला तो गेलाच. ताई जुन्या १५ इंची लॅपटॉपवर काम करतात. पुण्याच्या मावसभावानं सुचवलं, "अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद स्क्रीनचा मॉनिटर घे, एकदा वापरलास की दुसरं काही नकोसं वाटेल." ताईंनी २५ हजार रुपये बाजूला काढले आहेत आणि बेत आखला आहे: दिवसा आपलं काम, संध्याकाळी आबांची मॅच, रात्री मुलाचा गेम, रविवारी सगळ्यांचा सिनेमा, सगळं एकाच स्क्रीनवर. यजमानांचं म्हणणं, त्याच पैशात ४३ इंची टीव्ही आणावा आणि लॅपटॉप त्यालाच जोडावा. आबा म्हणतात, "माका मॅच दिसली की झाला." ताई विचारतात, एवढे पैसे स्क्रीनवर घालणं बरोबर आहे का, आणि घ्यायचाच तर कुठला घ्यावा?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात आबांची मॅच तीन ठिकाणी येते, मुलाचा गेम दोन ठिकाणी, आणि "सगळ्यांना उपयोग होईल" हे तर शेवटच्या ओळीपर्यंत येत राहतं. मान आखडते हे मात्र एकदाच आलंय, तेही कंसात. वर्षभर दुसऱ्यांचे खर्च योग्य त्या खात्यात टाकणाऱ्या बाईला मी हे विचारायला नको, पण विचारते: हा खर्च तुम्ही करमणुकीच्या खात्यात का टाकताय?

मला वाटतं, स्वतःच्या कामाचं अवजार म्हणून २५ हजार खर्चायला मन धजत नाहीये, म्हणून त्या खर्चाला घरातल्या प्रत्येकाचा थोडाथोडा टेकू लावलाय. यजमान कलमांसाठी फवारणीचा पंप आणतात तेव्हा तो आबांनाही वापरता येईल का, असं कुणी विचारत नाही. कलमांना लागतो, म्हणून येतो. तुमच्या कामातून घरात पैसा येतो, तो महिन्याच्या महिन्याला येतो, आणि आंबा दगा देतो त्या वर्षीही येतो. मग त्या कामाला लागणारी वस्तू नुसती त्या कामासाठी म्हणून घ्यायला काय हरकत आहे? घरून काम करणाऱ्या बायकांच्या पत्रांत हे पुन्हापुन्हा दिसतं. काम घरात चालतं, म्हणून कामाची वस्तूही सगळ्या घराची होऊन बसते.

बरं, सगळ्यांसाठी म्हणून घेतलेली वस्तू सगळ्यांना पुरली असती तर मी गप्प बसले असते. अल्ट्रावाइड तशी पुरत नाही, आणि हे मोजपट्टीनं दाखवता येतं.

स्क्रीनचे इंच कर्णात मोजतात. नेहमीच्या टीव्हीची ठेवण, म्हणजे रुंदीचं उंचीशी प्रमाण, १६:९ असते, अल्ट्रावाइडची साधारण २१:९. त्यामुळे २९ इंची अल्ट्रावाइडची उंची भरते जेमतेम सव्वाअकरा इंच, म्हणजे साध्या २३ इंची मॉनिटरएवढी. क्रिकेटचं प्रक्षेपण येतं १६:९ मध्ये. तेव्हा या २९ इंची स्क्रीनवर मॅच लावली की दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधोमध २३ इंची चित्र. ३४ इंची घेतलात तर मधलं चित्र २७ इंची. आबांचा गेलेला टीव्ही ३२ इंची होता. झोपाळ्यावर बसून त्यांना आधीपेक्षा लहान चेंडू शोधावा लागेल, आणि तोही पंचवीस हजार घालून.

सिनेमाला तरी फायदा होईल, असं तुम्ही म्हणाल. सिनेमास्कोपच्या चौकटीसाठी ही ठेवण खरंच जुळून येते. हिंदीत १९५९ साली पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला, आणि आजचेही बरेच चित्रपट त्याच रुंद चौकटीत असतात. पण २९ इंची अल्ट्रावाइडची रुंदी पावणेसत्तावीस इंच, आणि साध्या ३२ इंची टीव्हीची जवळजवळ अठ्ठावीस. म्हणजे सिनेमास्कोप चित्रपटसुद्धा त्या गेलेल्या टीव्हीवर, वरखाली पट्टे धरूनही, किंचित मोठाच दिसायचा. मालिका, वेब सिरीज, यूट्यूब हे सगळं बहुतेक १६:९. आबांच्या आवडीचे जुने कृष्णधवल मराठी चित्रपट तर जवळपास चौकोनी, ते या स्क्रीनची निम्म्याहून थोडी जास्त जागा व्यापतील, बाकी काळोख. शिवाय ऑनलाइन मिळणाऱ्या पुष्कळ चित्रपटांत वरखालचे काळे पट्टे चित्रातच पक्के बसवलेले असतात. असा चित्रपट अल्ट्रावाइडवर लावला की चारही बाजूंनी काळी चौकट आणि मध्ये आक्रसलेलं चित्र. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकून ते ताणता येतं, पण रविवारी सगळं घर जमून बसलेलं असताना ही खटपट कोण करणार? तुम्हीच.

आणि मॉनिटर म्हणजे टीव्ही नव्हे. रिमोट नाही, चॅनेल पकडणारा ट्यूनर नाही, या किमतीत स्पीकर असलेच तर नावापुरते. चौघं चार बाजूंना बसले की स्वस्त व्हीए (पडद्याचा एक प्रकार) पॅनेलवर कडेच्या माणसाला रंग फिकट दिसतात. वक्र स्क्रीन तर समोर मधोमध बसलेल्या एकाच माणसासाठी बनवलेली असते.

मुलाच्या गेमबद्दल थोडक्यात. २९ इंचीवर साध्या फुल एचडीपेक्षा तेहतीस टक्के जास्त पिक्सेल रंगवावे लागतात, आणि तुमच्या जुन्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. तो गेम तिथं रडतरखडतच चालेल. उद्या त्यानं प्लेस्टेशनचा हट्ट धरला तर तेही १६:९ च दाखवतं. मॉनिटर घेताना त्याच्या गेमचा विचार बाजूला ठेवा. नववी-दहावीत तो आपोआप बाजूला पडला तर तुम्हाला वाईट वाटेल असंही नाही.

आता वेळापत्रक बघा. मार्चअखेरीला तुमची वर्षअखेर, त्याच सुमाराला पेट्या भरायची धावपळ सुरू, आणि त्याच दिवसांत आयपीएल. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरण, २० तारखेला ३बी म्हणजे कर भरायचं विवरण. वीस तारखेच्या रात्री अकराला पोर्टल अडकलंय, एका व्यापाऱ्याचा फोन चालू आहे, आणि पलीकडे आबांना शेवटच्या चार ओव्हर बघायच्यात. स्क्रीन एकच. कोण माघार घेईल हे मी तुमच्या पत्राच्या सुरावरून सांगू शकते.

म्हणून पहिला सल्ला: दोन वस्तू वेगळ्या करा. मॉनिटर आत्ता, तुमच्या कामासाठी. टीव्ही वेगळा, साधा ३२ इंची, तो आंब्याचे पैसे हातात आल्यावर यजमानांनी आणावा. दहा-बारा हजारांत येतो. तोवर आबा मॅच मोबाइलवर किंवा शेजारी जाऊन बघतील. शेजारी मॅच बघण्यात जी बडबड असते ती घरी नसते, त्यामुळे ते कदाचित टीव्ही आल्यावरही तिकडेच जातील.

यजमानांचा ४३ इंची टीव्हीचा पर्याय मी हसण्यावारी नेत नाही. पुष्कळ जण असं करतात. पण स्वस्तातला ४३ इंची टीव्ही फुल एचडी असला तर एका इंचात फक्त ५१ पिक्सेल बसतात. टेबलाशी बसून त्यावर एक्सेलचे आकडे वाचणं म्हणजे ठिपके मोजणं. फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा, घेतला तर इंचाला शंभरच्या वर पिक्सेल मिळतात, अक्षर सुबक दिसतं, पण जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ असेल तर फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं आणि माउसचा बाण अडखळत चालतो. शिवाय एवढी स्क्रीन हातभर अंतरावर ठेवली की वरचा कोपरा बघायला मान वर करावी लागते, आणि तुमची तक्रार मानेचीच आहे. दुरून बघायला तो टीव्ही उत्तम. जवळून काम करायला नको.

आता मावसभाऊ. त्याचं खोटं नाही, पण तो बहुधा ३४ इंची, ३४४० बाय १४४० पिक्सेलचा मॉनिटर वापरत असावा. तसा मॉनिटर तुमच्या रकमेच्या काठावर किंवा काठापलीकडे आहे. सेलमध्ये कधी सापडतोही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या मॉनिटरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत असणार. तुमच्या रकमेत ३४ इंची म्हणून जो सहज मिळेल तो मात्र बहुतेक २५६० बाय १०८० चा असेल. तो घेऊ नका. तेवढेच पिक्सेल मोठ्या काचेवर ताणलेले असतात, इंचाला ८२. साध्या २४ इंचीवरही ९२ असतात. सिनेमा, गेम यांना चालून जातं, पण दिवसाचे आठ तास बारीक आकडे वाचणाऱ्याला अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात. दुकानात तो सगळ्यात भव्य दिसतो आणि विक्रेता तोच पुढे करतो. मोह होईल, टाळा.

२५६० बाय १०८० पिक्सेल २९ इंचांत आले की इंचाला ९६ बसतात, आणि ते तुमच्या कामाला बरोबर आहे. तुमचं काम मी डोळ्यांसमोर आणते. १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटची यादी, तयार होते. ती एका बाजूला, टॅलीतली खरेदीची नोंद दुसऱ्या बाजूला, आणि जुळत नाही त्या बिलाचं पीडीएफ तिसरीकडे. आत्ता तुम्ही हे ऑल्ट-टॅब मारत, आकडा तोंडानं पुटपुटत एका खिडकीतून दुसरीत नेता. १५ इंची फुल एचडी लॅपटॉपवर विंडोज अक्षरं मोठी दिसावीत म्हणून सहसा १२५ टक्क्यांवर चालतं, त्यामुळे प्रत्यक्षात १५३६ बाय ८६४ एवढीच जागा हाती लागते. २९ इंची अल्ट्रावाइडवर तेच १०० टक्क्यांवर चालवता येतं आणि जागा दुपटीहून थोडी जास्त मिळते. एक्सेलचे चाळीसेक कॉलम एका नजरेत. जुळवाजुळवीच्या कामाला याहून मोठं सुख नाही.

पण एक गोष्ट मोजून घ्या. जागा रुंदीत वाढते, उंचीत फारशी नाही. ओळी पूर्वीपेक्षा थोड्याच जास्त दिसतील. लांबच लांब मजकूर वाचणाऱ्याला, कोड लिहिणाऱ्याला, मुद्रितं तपासणाऱ्याला ही ठेवण बुटकी वाटते. त्यांनी याच पैशात २७ इंची, २५६० बाय १४४० चा साधा मॉनिटर बघावा. पिक्सेलमध्ये रुंदी तेवढीच, उंची एक तृतीयांशानं जास्त. व्हिडिओ कापणाऱ्यांना टाइमलाइनसाठी अल्ट्रावाइड मानवतो. ज्यांना फक्त बघायचंच आहे त्यांनी टीव्ही घ्यावा आणि हे सदर इथंच मिटावं.

दोन साधे २४ इंची मॉनिटर शेजारी शेजारी ठेवणं हा पर्याय तुम्ही पत्रात घेतलेला नाही, आणि तो सगळ्यात हिशेबी आहे. सतरा-अठरा हजारांत दोन्ही येतात, जागा अल्ट्रावाइडपेक्षा दीडपट मिळते, आणि एक बिघडला तर दुसऱ्यावर काम चालू राहतं. जिथं दुरुस्तीचा माणूस कणकवलीहून किंवा कोल्हापूरहून यायचा असतो तिथं हा शेवटचा मुद्दा लहान नाही. पण तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय एकच आहे. दुसरा मॉनिटर जोडायला डॉक (जास्तीची पोर्ट देणारी डबी) लागेल, टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं की नाही हे तपासावं लागेल (प्रत्येक टाइप-सीतून पडतंच असं नाही), आणि टेबल किमान साडेतीन-चार फूट रुंद हवं. पडवीतलं तुमचं टेबल शिलाई मशीनच्या शेजारी आहे असं लिहिलंयत, म्हणून मी तिकडे ढकलत नाही. इतरांनी हा पर्याय आधी बघावा, अल्ट्रावाइड नंतर.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत: २९ इंची, आयपीएस पॅनेल (कडेनं बघितलं तरी रंग टिकवणारं), सपाट. ७५ किंवा १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा, जे मिळेल ते. तुमच्या लॅपटॉपच्या जुन्या एचडीएमआयवर तो ६० वर निर्धास्त चालेल आणि हिशेबाला साठ पुष्कळ झाले. खोक्यावर एचडीआर (जास्त उठावदार उजेड आणि रंग) लिहिलेलं असेल. या किमतीत ते खोक्यावरच राहतं, त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. अठरा हजारांच्या आसपास काम व्हावं. भाव महिन्यागणिक आणि सेलगणिक हलतात, पण साधारण तेवढ्यात.

उरलेल्या सहा-सात हजारांचं काय करायचं, यावर मला जास्त बोलायचंय. कारण पुण्याच्या मावसभावाला हे प्रश्न नाहीत, तुम्हाला आहेत.

टीव्ही वीज कडाडल्यावर गेला. बटण बंद होतं, तरी गेला, असं तुम्ही लिहिलंय. ते शक्य आहे. भिंतीवरचं बटण बहुधा एकच तार तोडतं, आणि छपरावरच्या डिशची केबल तर सरळ आत येते. जवळपास वीज पडली की त्या केबलमधून, लॅनच्या तारेतून, इन्व्हर्टरच्या वायरिंगमधून, कुठूनही झटका आत शिरतो. म्हणून आबांसाठी सेटटॉप बॉक्स तुमच्या मॉनिटरला जोडायचा बेत मला अजिबात पसंत नाही. डिशची केबल, बॉक्स, एचडीएमआय, मॉनिटर, आणि मॉनिटरला लावलेला तुमचा लॅपटॉप, त्यात सगळ्या व्यापाऱ्यांचा डेटा. एका सरळ ओळीत. दोन वस्तू वेगळ्या ठेवायला एवढं एकच कारण पुरे होतं, मी उगाच एवढं लिहीत बसले.

कोकणात विजांचा जोर असतो तो वळवाच्या पावसात, मृगाच्या सुरुवातीला आणि मग परतीच्या पावसात. मधल्या आषाढ-श्रावणात धो धो कोसळतं पण कडकडाट त्या मानानं कमी. म्हणजे काळजीचे आठवडे ठरलेले आहेत. त्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून आले की प्लग उपसायचा, नुसतं बटण नाही. एचडीएमआयही लॅपटॉपमधून काढायची. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, पण तो अर्थिंगवर जगतो. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागणं कठीण, उन्हाळ्यात तर ते नावालाच उरतं. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घालायची जुनी पद्धत अजून उपयोगी आहे. हा खर्च मॉनिटरच्या आधी करा.

दुसरं, एक लहान यूपीएस, ६०० व्हीएचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. वीज गेली की रिटर्न भरता भरता समोर काळोख. २९ इंची मॉनिटर फार वीज खात नाही, साधारण तीस-चाळीस वॉट. तो आणि राउटर मिळून अर्धा तास तरी निघेल, काम सुरक्षित मिटवायला तेवढा पुरतो. निसर्ग वादळानंतर २०२० साली दापोली-मंडणगडकडच्या गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले होते. तशा प्रसंगाला यूपीएस काय, काहीच पुरत नाही. म्हणून व्यापाऱ्यांच्या डेटाची एक प्रत घराबाहेर, क्लाउडवर, ठेवाच.

मॉनिटर निवडताना एक बारीक गोष्ट बघा: अ‍ॅडॅप्टर बाहेरचा आहे का? वायरीच्या मध्ये काळी डबी असते तो. व्होल्टेजच्या झटक्यात बहुधा आधी तीच डबी बळी जाते आणि ती हजार-पंधराशेत बदलता येते. सप्लाय मॉनिटरच्या पोटात असला तर सगळा मॉनिटर उचलून न्यावा लागतो. जाहिरातीत हे लिहीत नाहीत, मागच्या बाजूचा फोटो बघून ओळखायचं.

दमट हवा आणि खारा वारा. बऱ्याच मॉनिटरच्या पुस्तिकेत आर्द्रता ८० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. जुलैत आपल्याकडे हवा दिवसदिवस त्याच्या वर असते. घाबरायचं कारण नाही, पण तो रोज वापरात असू द्या. चालू असताना आतला ओलावा उडतो. महिनाभर झाकून ठेवलेला मॉनिटर जास्त लवकर बिघडतो. वर प्लॅस्टिक टाकू नका, घाम धरतं. जुनं धोतर किंवा सुती ओढणी बरी. ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. एचडीएमआयच्या तोंडावर हिरवट पुटं चढतात, ती केबल अधूनमधून काढून घालत राहिलं की चढत नाहीत. काच पुसायला किंचित ओलसर मऊ फडकं, खिडक्या पुसायचा निळा फवारा नको.

आणि पाखरं. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्यावर झुंबड येते, ती उजळ स्क्रीनवरही येते. काही चिलटं इतकी बारीक असतात की कडेच्या फटीतून काचेमागे शिरतात आणि जिवंत ठिपक्यासारखी फिरतात. बोटानं दाबायचा मोह होतो. दाबू नका. दाबलेलं चिलट आत चिकटलं की वॉरंटी संपेपर्यंत आणि त्यानंतरही तिथंच. स्क्रीन बंद करा, शेजारी दिवा लावा, बहुतेक वेळा ते आपण होऊन बाहेर येतं. मागच्या जाळीजवळ पालीचा राबता असेल तर तेवढं सांभाळा.

पडवीत उजेड कुठून येतो? बजेट मॉनिटरचा उजेड अडीचशे-तीनशे निट्स, पश्चिमेच्या चार वाजताच्या उन्हापुढे तो हरतो. स्क्रीनची पाठ किंवा तोंड उघड्या बाजूला नको, उजेड बाजूनं यावा.

मानेचं मात्र एक स्पष्ट सांगते. मान स्क्रीनच्या रुंदीनं नाही, उंचीनं सुटते. आत्ता तुम्ही लॅपटॉपमध्ये वाकून बघता, तेच दुखणं आहे. मॉनिटर यायची वाट न बघता याच आठवड्यात लॅपटॉप चार जाड रजिस्टरांवर चढवा आणि हजारभराचा वेगळा कीबोर्ड-माउस लावा. पंधरा दिवसांत फरक पडला तर मॉनिटरची घाई राहणार नाही, आणि घाई नसलेलं गिऱ्हाईक भाव चांगला करतं. पुढे मॉनिटर आल्यावर लक्षात येईल की स्वस्त स्टँड वरखाली होत नाही, फक्त मागेपुढे कलतो. खाली एक-दोन पाट ठेवा, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली आणा, आणि हात लांब केला की बोटं काचेला टेकतील एवढ्या अंतरावर बसा.

वापरायला लागल्यावर पहिले दोन दिवस गोंधळ होईल, खिडकी पूर्ण मोठी केली की पोर्टलचा मजकूर इकडून तिकडे पसरेल. खिडकी मोठी करायची सवयच सोडा. विंडोज ११ असेल तर विंडोजचं बटण आणि झेड दाबा, तीन भागांचा आराखडा निघतो, मधला मोठा ठेवा. आणि मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन कधीही शेअर करू नका. समोरच्याच्या साध्या लॅपटॉपवर तुमची रुंद स्क्रीन रिबिनीसारखी बारीक दिसते आणि शिवाय त्याला शेजारच्या व्यापाऱ्याचे आकडेही दिसतात. हवी ती एकच खिडकी शेअर करा.

रात्री सगळं आवरल्यावर, इअरफोन लावून, एकटीनं एखादा रुंद चौकटीतला चित्रपट त्यावर बघायला माझी ना नाही. हातभर अंतरावरून एकाच माणसाला तो खरंच सुरेख दिसतो. करमणूक म्हणून या मॉनिटरचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो तुमचा आहे.

खरेदी कुठून? ऑनलाइन स्वस्त पडेल, पण आधी विचारा की तुमच्या पिनकोडला वॉरंटीचा माणूस घरी येतो की मॉनिटर त्यांच्या केंद्रावर न्यावा लागतो. न्यावा लागत असेल तर कणकवली-कुडाळच्या दुकानातून पाचशे-हजार जास्त देऊन घेणं परवडतं, निदान भांडायला समोर माणूस असतो. खोकं एसटीत किंवा रिक्षात उभंच ठेवा, आडवं करून वर आंब्याची पेटी नको. फुटलेलं पॅनेल वॉरंटीत बसत नाही. उघडताना व्हिडिओ काढा, त्याच दिवशी पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल बघून घ्या, परत करायची मुदत लहान असते. खोकं माळ्यावर ठेवणार असाल तर जमिनीला किंवा भिंतीला टेकवू नका, वाळवीला पुठ्ठा फार आवडतो.

बिल तुमच्या व्यवसायाच्या नावावर आणि नोंदणी असेल तर तुमच्या जीएसटी क्रमांकावर घ्या. घरगुती वापराच्या वस्तूवर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, कामाच्या वस्तूवर मिळतं, हे तुम्ही व्यापाऱ्यांना रोज सांगता. आणि ऑर्डर २१ तारखेला द्या, म्हणजे तो येईल तेव्हा मांडामांड करायला तुम्हाला वेळ असेल.